कागद पारदर्शक आहे, व्यवहारही पारदर्शक हवा



आपल्या कार्यक्षेत्रात ऊस हे मुख्य पीक खरे, पण आता नुसत्या उसावर कुणी बसून राहिलेले नाही. कुणी दहा गुंठ्यांत ढोबळी मिरची घेतो, कुणी जरबेरा, कुणी गुलाब. एक डोळा पद्धतीने ट्रेमध्ये उसाची रोपे तयार करून विकणाऱ्या रोपवाटिकाही गावोगाव झाल्या आहेत. ह्यांतील बहुतेकांच्या डोक्यावर छत एकच : पॉलिथीनचा पारदर्शक कागद. कागद म्हणायचा एवढेच, आहे ते प्लॅस्टिक. आणि ह्या कागदाविषयी गट कार्यालयात हल्ली जेवढ्या तक्रारी कानावर येतात, तेवढ्या ऊसतोडीच्या पाळीविषयीही येत नसतील.

तक्रार साधारण एकाच नमुन्याची असते. "तीन वर्षांची गॅरंटी म्हणून घेतला. दुसऱ्या उन्हाळ्यातच पाइपला टेकला होता तिथं चिरला. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, वाऱ्यानं फाटला असेल." गॅरंटी लेखी आहे का, असे आम्ही विचारतो. ती नसते. बिलावर फक्त "पॉली फिल्म, इतके किलो" एवढेच. विषय संपला.

त्यात आता नवा शब्द आला आहे : "नॅनो". २०२१ साली नॅनो युरिया बाजारात आल्यापासून हा शब्द गावात सगळ्यांच्या तोंडी झाला. आता विक्रेते सांगतात, आमच्या कागदात नॅनो कण आहेत. कागद काचेसारखा स्वच्छ दिसतो, पण यू.व्ही. म्हणजे अतिनील किरणांना आत येऊ देत नाही. दर अर्थातच चढा. सभासद विचारतात, हे खरं की थाप?

आमचे मत आधीच सांगून टाकतो. शास्त्र खरे आहे. पण शास्त्र खरे असले म्हणून तुमच्या दारात उतरलेले बंडल खरे ठरत नाही. ते तपासूनच घेतले पाहिजे, आणि हे काम एकट्यादुकट्या सभासदाच्या आवाक्यातले नाही. ते कारखान्याने, म्हणजे आपण सर्वांनी मिळून, केले पाहिजे.

ऊन कागदाला का खाते?

प्रथम थोडे शास्त्र समजून घेऊ. ते समजले नाही तर विक्रेता सांगेल त्याला मान डोलवावी लागते.

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे १ नॅनोमीटर. आपल्या डोळ्यांना दिसणारा उजेड साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा असतो. त्याहून आखूड लहरींचे ते अतिनील किरण. त्यांपैकी २९० ते ४०० नॅनोमीटरचे किरण जमिनीपर्यंत पोचतात. उन्हाच्या एकूण शक्तीत त्यांचा वाटा सुमारे विसावा, पण लवंगी मिरचीसारखे ते आकाराने लहान आणि तिखट. पॉलिथीन म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या. अतिनील किरण आणि हवेतील प्राणवायू मिळून ह्या साखळ्या तोडतात. साखळ्या तुटल्या की कागदाची लवचिकता जाते, तो कडक होतो आणि चिरतो. उन्हात तापलेल्या लोखंडी पाइपला टेकलेल्या जागी हे काम आणखी लवकर होते. म्हणून चीर पहिल्यांदा तिथेच पडते. वारा हे शेवटचे निमित्त.

ठिबकची नळी काळी का असते? तीत शेकडा दोन-अडीच भाग काजळी घातलेली असते. काजळी सगळा उजेड गिळते आणि प्लॅस्टिकला वाचवते. शेततळ्याचा कागद काळा, त्याचेही कारण तेच. पण हरितगृहाच्या छताला काजळी घालून चालणार नाही. पिकाला उजेड हवा. म्हणजे अडचण अशी की दिसणारा उजेड सोडायचा आणि न दिसणारा अडवायचा. चाळणी हवी, भिंत नको.

दोन वेगळ्या गोष्टी, एकच नाव

इथेच सभासदांची पहिली फसगत होते. बाजारात "यू.व्ही. कागद" ह्या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

एक, स्वतः उन्हात टिकणारा कागद. ह्यात अनेकदा अशी रसायने घालतात, की ती किरण अडवत नाहीत, किरणांमुळे सुरू झालेली मोडतोड थांबवतात. असा कागद चार उन्हाळे टिकेलही, पण अतिनील किरण त्यातून पिकावर खुशाल येत राहतील. दोन, अतिनील किरण खरोखर गिळून पिकापर्यंत पोचू न देणारा कागद. पहिला घेतला म्हणजे दुसरा मिळाला असे नाही. दुकानात दोघांनाही "यू.व्ही." म्हणतात आणि आपणही "हो हो, यू.व्ही.चाच द्या" म्हणून मोकळे होतो. ह्या पानांतून आम्ही स्वतः मागे "यू.व्ही. कागदच वापरावा" असा सल्ला दिला होता. कुठला, ते सांगितले नव्हते. ती आमची चूक, आज दुरुस्त करतो.

टिकाऊपणासाठी घालतात त्या रसायनांची आणखी एक खोड लक्षात ठेवावी. भुरी रोगासाठी आपण गंधक धुरळतो किंवा त्याची धुरी देतो. गंधक आणि क्लोरीन असलेली काही औषधे ही रसायने निकामी करतात. कागद चांगला, पण आपणच आतून त्याचे कवच काढून घेतो. शिवाय किरण गिळणारी जी सेंद्रिय रसायने असतात, ती वर्षामागून वर्षे हळूहळू पृष्ठभागावर येऊन निघून जातात.

नॅनो कण करतात काय?

आता नॅनोकडे वळू. हे कण म्हणजे काही परग्रहावरची वस्तू नव्हे. बहुधा जस्ताचे भस्म, म्हणजे झिंक ऑक्साइड. नाहीतर टायटॅनियम डायऑक्साइड, जे पांढऱ्या रंगाच्या डब्यात असते. कधी सेरियम ह्या धातूचे ऑक्साइड. टायटॅनियमचे खनिज इल्मेनाइट आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही सापडते.

ह्या पदार्थांत एक गंमत आहे. त्यांतील इलेक्ट्रॉनला एक ठरावीक उंचीची पायरी चढावी लागते. तेवढी शक्ती आणणारा किरण आला की इलेक्ट्रॉन तो गिळून वर चढतो. जस्ताच्या भस्मात ही पायरी साधारण ३७० नॅनोमीटरच्या किरणाची आहे. त्याहून आखूड, म्हणजे जास्त जोरकस, किरण गिळले जातात. निळा, हिरवा, तांबडा उजेड पायरी चढवू शकत नाही, म्हणून तो सरळ पार जातो. हीच ती चाळणी. शिवाय हे खनिज आहे. रसायनासारखे पृष्ठभागावर येऊन उडून जात नाही.

मग जस्ताचे भस्म पांढरेशुभ्र का दिसते? कारण कण मोठे असले की ते उजेड चहूकडे फेकतात. रंगाच्या डब्यातील टायटॅनियमचे कण २०० ते ३०० नॅनोमीटरचे असतात, मुद्दाम तेवढे ठेवलेले, भिंत झाकली जावी म्हणून. तोच कण ४०-५० नॅनोमीटरच्या आत आणला की उजेड फेकण्याची त्याची खोड झपाट्याने कमी होते, अतिनील किरण गिळण्याचा गुण मात्र राहतो. म्हणून कागद स्वच्छ दिसतो. नॅनोचे सगळे मर्म एवढेच. मंत्र नाही, तंत्र आहे.

तीन ठिकाणी पाणी मुरते

इतके सोपे असते तर हा लेख लिहावा लागला नसता. कारखानदाराने काम अर्धवट केले तर हाच कण उलटतो. ते कसे, पाहा.

पहिले, गुठळ्या. ३० नॅनोमीटर कणांच्या केवळ १ ग्रॅम जस्त-भस्माचा एकूण पृष्ठभाग सुमारे ३५ चौरस मीटर भरतो. इतके बारीक कण एकमेकांना चिकटणारच. पिठल्यात पीठ एकदम टाकले की गुठळ्या होतात, तसेच. गुठळी झाली की तो नॅनो कण राहिला नाही. कागद दुधाळ होतो, मधल्या मोकळ्या जागेतून किरण पार जातात. म्हणून कणांना आधी योग्य लेप देऊन, घट्ट मिश्रणाचे दाणे करून, मग ते पॉलिथीनमध्ये मिसळावे लागतात. हे कौशल्याचे आणि खर्चाचे काम. बंडलावर नुसते "नॅनो" छापायला काही कौशल्य लागत नाही.

दुसरे, घरभेदीपणा. टायटॅनियम डायऑक्साइडवर उजेड पडला तर पाण्याचेही विघटन होते, हे जपानचे फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ साली दाखवून दिले. गिळलेल्या किरणाची शक्ती कुठेतरी जाणार. कणाला सिलिका किंवा ॲल्युमिनाचे वेष्टन नसेल तर ती शक्ती शेजारच्या पॉलिथीनलाच जाळत सुटते. राखणीला ठेवलेलाच कणसे खाऊ लागला तर दाद कुणाकडे मागायची? वेष्टन नसलेला कण घातलेला कागद साध्या कागदाच्याही आधी चिरू शकतो. म्हणून "नॅनो आहे का" हा प्रश्न अपुरा आहे. "कण कुठला, आणि त्याला वेष्टन आहे का" हा खरा प्रश्न.

तिसरे, जाडी. समजा २०० मायक्रॉनचा कागद शंभरांपैकी ४ अतिनील किरण आत सोडतो. त्याच मालाचा १०० मायक्रॉनचा घेतला तर किती सोडील? ८ म्हणाल तर चुकलात. २० सोडील. पहिला निम्मा भाग शंभरातले २० सोडतो आणि दुसरा निम्मा त्या वीसातले पुन्हा पाचवा हिस्सा, म्हणजे ४ सोडतो. एक भाग काढून घेतला की उरले वीस. जाडीत केलेली काटकसर अशी पाचपट अंगावर येते.

पिकाच्या अंगाने

किरण अडवण्याचा फायदा कागदापुरताच नाही. पांढरी माशी आणि फुलकिडे अतिनील उजेडाच्या आधाराने वाट शोधतात. इस्रायलमध्ये येहेझकेल अँटिग्नस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात प्रयोग करून दाखवले, की अतिनील किरण गिळणाऱ्या कागदाखाली ह्या किडी आणि त्यांनी पसरवलेले विषाणूजन्य रोग कमी होतात. ढोबळी मिरची करणाऱ्या सभासदांना ह्याचे मोल सांगायला नको. लाल गुलाबाच्या पाकळ्या काळवंडणेही अशा कागदाखाली कमी होते.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. मधमाशीलाही अतिनील उजेड दिसतो आणि तो नसला तर तीही गोंधळते. ज्या पिकात फळधारणेला माशी लागते, तिथे हा कागद घालण्यापूर्वी दहादा विचार करावा. वांग्याच्या काही जातींना जांभळा रंग चढायलाच हे किरण लागतात. आणि अतिनील किरणांशिवाय वाढलेले रोप लुसलुशीत, उंच आणि नाजूक होते. उसाची रोपे अशा छताखाली केली असतील तर लागणीपूर्वी काही दिवस उघड्या उन्हात कणखर करून मगच शेतात न्यावीत. सगळ्यांना एकच कागद चांगला, असे सांगणारा एकतर अडाणी असतो नाहीतर विक्रेता.

मग करायचे काय?

आपण काट्यावर दहा किलोचा फरक पडला तर शेतकी ऑफिसात जाऊन भांडतो. मोळीत वाढे-पाचट गेले तर कारखाना वजावट करतो, आणि ते योग्यच आहे. साखर एस-३० की एम-३०, ह्यावर भाव ठरतो. मग लाखाचा कागद घेताना आपण तो डोळे मिटून किलोवर का घेतो? किलोचाही भरवसा नाही. २०० मायक्रॉनचा शुद्ध पॉलिथीनचा एक चौरस मीटर कागद सुमारे १८४ ग्रॅम भरतो. पण त्यात स्वस्त खनिज पूड घातली की पातळ कागदही वजनाला भरतो. वाढ्यासकट मोळी विकण्याचाच हा प्रकार.

आमची सूचना अशी आहे, आणि येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ती मांडावी असे आमचे मत आहे.

१. कागदाची मागणी गट कार्यालयांनी एकत्र नोंदवावी आणि खरेदी शेतकी खात्यामार्फत एकदम करावी. मागणी कुठल्या पिकासाठी, हे सभासदाने लिहून द्यावे.

२. निविदेत "यू.व्ही." हा मोघम शब्द नको. हरितगृहाच्या कागदासाठी भारतीय मानक आय.एस. १५८२७ आहे, ते लिहावे. जाडी, दिसणारा उजेड किती सोडतो, २९० ते ४०० नॅनोमीटरमध्ये किती सोडतो, हे तिन्ही आकडे विक्रेत्याने लेखी द्यावेत. नॅनो म्हणत असेल तर कण कुठला आणि त्याला वेष्टन कशाचे, हेही लिहून द्यावे.

३. प्रत्येक खेपेतील एक तुकडा विक्रेत्यासमोर सही-शिक्क्यानिशी बंद करून अंधाऱ्या जागी ठेवावा. दुसरा तुकडा कारखान्याच्या छपरावर उन्हात बांधावा आणि दर सहा महिन्यांनी दोन्ही तपासावेत. ताणून तुटेपर्यंत कागद जेवढा लांबतो, ती लांबी मूळच्या निम्म्यावर आली की त्याचे आयुष्य संपले, असे मानण्याची पद्धत आहे. मग वाऱ्याने फाटला की उन्हाने, हा वादच उरणार नाही.

४. तपासणीची सुरुवात घरात होऊ शकते. आपल्या प्रयोगशाळेत साखरेच्या द्रावणातून ४२० नॅनोमीटरचा उजेड सोडून तिचा रंग मोजतात. कागदाची परीक्षा त्याच जातीची. फक्त यंत्राची मजल ४०० च्या खाली गेली पाहिजे. एक खबरदारी मात्र घ्यावी. उजेड पसरवणारा दुधाळ कागद साध्या यंत्रात प्रत्यक्षापेक्षा जास्त किरण अडवणारा दिसतो, कारण विखुरलेला उजेडही अडला असे यंत्र समजते. अशा वेळी आणि पक्क्या दाखल्यासाठी नमुना छत्रपती संभाजीनगरच्या सीपेटसारख्या प्लॅस्टिकच्या संस्थेकडे पाठवावा.

५. जुना कागद परत घेण्याची अट विक्रेत्यावर घालावी. आज तो बांधावर जाळला जातो. प्लॅस्टिकचा धूर होतो आणि भस्माचे कण जळत नाहीत, राखेतून आपल्याच मातीत जातात. ज्या कणांचे आपण एवढे कौतुक करतो, ते पुन्हा गोळा करून देण्याची जबाबदारीही आपलीच.

काही सभासद म्हणतील, "कारखान्यानं ऊस गाळावा, ह्या कागदाच्या भानगडीत कशाला पडावं?" त्यांना आमचे सांगणे एवढेच. बेणे, खत, ठिबक ह्यांत कारखाना पडला तेव्हाही हेच म्हटले गेले होते. प्रवरानगरला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना उभा राहिला, तो एकट्या शेतकऱ्याला बाजारात कुणी विचारत नाही हे ओळखूनच. विकताना आपण एकत्र आलो. घेताना अजून एकेकटे आहोत.

दुसरे कुणी म्हणतील, चांगला कागद महाग पडतो. हिशेब करून पाहा. स्वस्त कागद दीड वर्ष टिकला आणि चांगला तीन वर्षे, तर चांगल्याला दुप्पट पैसे देऊनही बरोबरी होते. वर कागद चढवण्याची मजुरी एकदाच लागते, आणि ऐन फुलोऱ्यात छत उघडे पडत नाही. दर किलोला नव्हे, दर उन्हाळ्याला किती पडला, असे विचारायची सवय लावून घेऊ.

तोवर ज्यांना ह्याच हंगामात कागद बदलायचा आहे, त्यांनी निदान एवढे करावे : गॅरंटी लेखी घ्यावी, बिलावर जाडी आणि मानक लिहून घ्यावे, हातभर तुकडा कापून तारीख टाकून घरात कपाटात ठेवावा. पाइप जिथे कागदाला टेकतो तिथे पांढरा रंग द्यावा. गंधकाचा वापर बेताने करावा.

कागदातून पलीकडचे स्वच्छ दिसते म्हणून आपण त्याला पारदर्शक म्हणतो. त्याच्या खरेदीतही पलीकडचे दिसू लागेल तो दिवस लवकर यावा. सभेला अवश्य या आणि फाटलेल्या कागदाचा तुकडा असेल तर बरोबर घेऊन या.

जय सहकार!

— संपादक मंडळ